तंगूस टिकवायचा तर

रिळावर दीडशे मीटर तंगूस भरला, तर त्यातला पुढचा तीस-चाळीस मीटर तेवढा पाण्यात जातो. दगडाला तोच घासतो, उन्हात तोच तापतो, गाठीही त्यालाच पडतात. मागचे शंभराहून जास्त मीटर स्पूलवर नुसते बसून असतात. पुढचा दोरा खराब झाला की मात्र आपण सगळाच्या सगळा उतरवून फेकतो आणि नवा आणतो. दोऱ्याचा काम करणारा भाग कोणता आणि फक्त जागा भरणारा कोणता, हे एकदा ओळखलं की दोरा टिकवण्याच्या बहुतेक युक्त्या आपोआप सुचत जातात. जागा भरणाऱ्या भागाला गळवाले बॅकिंग म्हणतात. छत्रपती संभाजीनगर आणि पैठणच्या पट्ट्यात हौसेने गळ टाकणाऱ्यांपैकी फार थोडे जण ते वापरतात, याची मला मनापासून हळहळ वाटते. त्यात पैसा वाचतो आणि पाण्यात जाणारं प्लॅस्टिकही कमी होतं.

आधी इथलं पाणी

शहराच्या दक्षिणेला साधारण पन्नास किलोमीटरवर पैठण. तिथल्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. भिंतीमागे साठलेल्या पाण्याला संत एकनाथांवरून नाथसागर म्हणतात. पूर्ण भरल्यावर त्याचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर होतो. पसारा अफाट, पण त्या मानाने खोली कमी. त्यामुळे हिवाळा सरला की पाणी भराभर मागे हटतं, काठची जमीन उघडी पडते, तिथे गाळपेर होते, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच जमीन पुन्हा बुडते. गळ टाकणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं. आज आपला दोरा जिथे पडतो आहे तिथे पाण्याखाली शेताचे बांध आहेत, पिकांची धसकटं आहेत, बाभळीची खोडं आणि बेशरमाच्या काटक्या आहेत, आणि या सगळ्याखाली दख्खनचा काळा दगड आहे. समुद्राच्या वाळूवर दोरा जितका टिकतो तितका तो इथे टिकणार नाही.

रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, चिलापी, मरळ, शिंगाळा, वाम हे इथले ओळखीचे मासे. रोहू-कटला गळाला लागले की मोकळ्या पाण्याकडे लांब पळतात. मरळ मात्र जवळच्याच झुडपात घुसते. पहिल्या प्रकारात रिळावर पुरेसा दोरा लागतो, दुसऱ्यात दोऱ्याच्या पुढच्या काही मीटरांची कसोटी लागते.

नाथसागर १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि राज्यातल्या धरणांवर व तलावांवर मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागाकडून मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिला जातो. भोई समाजाच्या कित्येक घरांचं पोट या पाण्यावर चालतं. तेव्हा पाणी कोणतंही असो, वन विभागाला, मत्स्यव्यवसाय कार्यालयाला आणि तिथल्या संस्थेला विचारून, परवानगी काढूनच गळ टाकायचा.

सुतापासून नायलॉनपर्यंत

गळाने मासे धरण्याची विद्या या भागाला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालायचे चारे आणि गळाने मासे धरायची रीत त्यात सांगितली आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, लातूर-धाराशिवच्या सीमेपासून फार दूर नाही.

त्या काळापासून थेट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोरा म्हणजे सूत, सण नाहीतर रेशीम. त्याचा मोठा शत्रू कुजणं. ओला दोरा तसाच गुंडाळून ठेवला की तो आतून सडायचा. म्हणून मासेमारीहून आल्यावर दोरा आणि जाळी उन्हात पसरून वाळवायची सवय सगळ्या किनाऱ्यांवर आणि नदीकाठांवर लागली. त्या काळी ती बरोबरच होती.

पुढे १९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस करॉदर्स यांनी नायलॉन तयार केलं आणि काही वर्षांत त्याचा एकेरी, पारदर्शक दोरा गळाला लागला. आपल्याकडे तोच तंगूस. महाराष्ट्रात मासेमारीच्या जाळ्यांसाठी आणि दोरखंडांसाठी नावाजलेली, पूर्वी गरवारे वॉल रोप्स या नावाने ओळखली जाणारी कंपनी १९७६ साली, म्हणजे जायकवाडीच्या उद्घाटनाच्याच वर्षी सुरू झाली. नायलॉन कुजत नाही, बुरशीने खराब होत नाही. त्याला मारतं ते ऊन. पण उन्हात वाळवायची जुनी सवय हाताला तशीच राहिली, आणि आजही काठाकाठाने बाभळीच्या फांद्यांवर ओला तंगूस दुपारभर लटकताना दिसतो. सुताला तारणारी गोष्ट नायलॉनच्या मुळावर येते. ही एक सवय मोडली तरी दोऱ्याचं आयुष्य चांगलं वाढेल.

दुकानात मिळणारे तीन दोरे

तंगूस, म्हणजे नायलॉन मोनोफिलामेंट, एका अखंड तंतूचा असतो. तो ताणतो. तुटण्याआधी आपल्या लांबीच्या पाव हिश्शाच्या आसपास लांबू शकतो, त्यामुळे माशाचा हिसका तो स्वतःच पिऊन टाकतो. तो पाणीही शोषतो, आणि भिजल्यावर त्याची ताकद कोरड्यापेक्षा साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. डबीवर छापलेला आकडा गाठ नसलेल्या दोऱ्याचा असतो. पाण्यात, गाठीसकट, आपल्या हातात त्याहून कमीच येतं हे धरून चालावं.

ब्रेड म्हणजे पॉलिएथिलिनच्या बारीक तंतूंची वेणी. डायनीमा, स्पेक्ट्रा ही त्या तंतूंची व्यापारी नावं. जाडी कमी, ताकद प्रचंड, ताण जवळजवळ नाही. तो पाणी शोषत नाही आणि पाण्यावर तरंगतो. उन्हाने त्याचा रंग उडतो, पण ताकद नायलॉनइतकी लवकर जात नाही. त्याचं दुबळेपण दोन ठिकाणी आहे. धारदार दगडावर, ताणात असताना, त्याचे तंतू पटापट कापले जातात. शिवाय हे पॉलिएथिलिन दीडशे अंश सेल्सियसच्या आतच वितळतं, म्हणून कोरड्या गाठीच्या घर्षणानेही ते दुखावतं.

तिसरा फ्लुरोकार्बन. १९७१ साली जपानच्या कुरेहा कंपनीने तो मासेमारीसाठी आणला. पाण्यापेक्षा खूप जड, पाणी न शोषणारा, उन्हाला दाद न देणारा आणि घासण्याला चिवट. महाग असल्यामुळे पूर्ण स्पूल भरण्यापेक्षा ब्रेडच्या टोकाला दोन-तीन मीटर लीडर म्हणून लावणं शहाणपणाचं.

ऊन आणि उष्णता

सूर्यप्रकाशातले अतिनील किरण नायलॉनच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या तोडतात. दोरा आधी चमक गमावतो, मग कडक होतो, मग पांढुरकी भुकटी सुटल्यासारखा दिसतो. शेवटी गाठ ओढतानाच टचकन तुटतो. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि आभाळ निरभ्र, म्हणजे या किरणांना अडवायला काही नाही.  

बंद गाडीत, डिकीत, दुचाकीच्या डब्यात रीळ ठेवून देणं ही सर्रास दिसणारी चूक. तिथली उष्णता बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असते. तापलेला तंगूस थंड होताना स्पूलचा गोल आकार पक्का धरून बसतो आणि मग पाण्यावर स्प्रिंगसारखे वेटोळे पडतात. बॅटरीजवळ ठेवणं तर त्याहून वाईट, कारण आम्लाने नायलॉन विरघळल्यासारखं नासतं. ट्रॅक्टरच्या पेटीत गळाचं सामान ठेवणाऱ्यांनी हे जपावं.

घरी कपाटात, कापडी पिशवीत, अंधारात. इतकंच पुरे. काठावर दुपारी विसावताना रीळ टॉवेलखाली झाकावं.

दगड, गाळ आणि फुटकी रिंग

पाणी उतरलेल्या नाथसागराच्या काठी दोऱ्याला दोन गोष्टी झिजवतात. एक, काळ्या दगडाच्या कडा. दुसरी, जिच्याकडे कुणी बघत नाही, ती म्हणजे गढूळ पाण्यातली बारीक माती. दोऱ्यावर तिचा थर बसतो आणि प्रत्येक फेकीला तो दोरा रॉडच्या रिंगांतून पॉलिश पेपरसारखा फिरतो. यात दोराही झिजतो आणि रिंगाही.

म्हणून संध्याकाळी परत निघण्याआधी दोऱ्याचा कामाचा भाग, म्हणजे शेवटचे तीस-चाळीस मीटर, ओल्या सुती फडक्यातून ओढून स्पूलवर घ्यावा. फडक्यावर काळपट माती उतरलेली दिसेल. कोकणात खाऱ्या पाण्यात गरवून आलेले लोक रीळ आणि दोरा गोड्या पाण्याने धुतात. मिठाचे खडे सुकल्यावर टोकदार होतात आणि रिळाचे भागही गंजतात. आपल्याकडे मीठ नाही, पण माती आहे आणि पाणी क्षारांचं आहे. मला तर ही फडक्याची मिनिटभराची सवय सगळ्यात मोलाची वाटते.

दोरा तपासायला डोळे अपुरे पडतात. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दोरा हलका धरून सरकवत न्यावा. ओठांवरून सरकवला तर आणखी बारीक खडबड जाणवते, पण गढूळ पाण्यातून आलेला दोरा आधी धुवून घ्यावा. खरखर लागली की त्या जागेच्या थोडं वर कापून नवी गाठ मारायची. बहुतेक वेळा खराबी गळापासून पहिल्या मीटर-दोन मीटरांतच असते. दर फेरीच्या सुरुवातीला तेवढा तुकडा बिनदिक्कत कापून टाकणारा माणूस शेवटी दोरा कमी खर्च करतो, कारण त्याचा दोरा मध्येच तुटून वीस मीटर पाण्यात राहत नाही.

एकाच जागी वारंवार ओरखडे पडत असतील तर दोष दोऱ्याचा नाही. कापसाचा बोळा घेऊन रॉडच्या प्रत्येक रिंगेतून फिरवावा. जिथे कापूस अडकेल तिथे रिंगेच्या आतल्या चिनी मातीच्या कड्याला तडा गेलेला आहे. सगळ्यात वरची, टोकाची रिंग आधी तपासावी, कारण दुचाकीवरून नेताना मार तिलाच बसतो. रिळावर दोरा ज्या छोट्या चाकावरून वळतो ते चाक बोटाने फिरतंय ना, हेही पाहावं. ते मातीने अडकलं असेल तर दोरा त्यावरून फिरत नाही, घासत जातो.

पीळ का पडतो

स्पिनिंग रीळ, ज्यात स्पूल स्थिर असतो आणि दोरा त्याच्याभोवती गुंडाळला जातो, ते इंग्लंडमध्ये १९०५ साली आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी पेटंट केलं. वापरायला सोपं, म्हणून आज आपल्याकडे बहुतेकांच्या हातात तेच आहे. त्याचा एक जन्मजात स्वभाव आहे. दोरा गुंडाळताना त्याला पीळ बसू शकतो.

सगळ्यात जास्त पीळ आपण स्वतः घालतो. मोठा रोहू दोरा खेचून पळतो आहे, ड्रॅग, म्हणजे स्पूलला अडवणारा ब्रेक, सुटतो आहे, स्पूल उलटा फिरतो आहे, आणि तरी उत्साहाने हँडल फिरवणं चालूच. रिळाच्या गिअरचं प्रमाण ५:१ असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात दोऱ्याला पाच पीळ बसतात आणि दोरा मात्र एक इंचही आत येत नाही. असे वीस फेरे म्हणजे शंभर पीळ. पुढच्या फेकीला दोऱ्याचा गुंता होतो आणि दोष दुकानदाराला जातो. मासा पळत असेल तेव्हा हँडल थांबवायचं, थांबला की रॉड वर उचलायचा आणि रॉड खाली नेताना दोरा आत घ्यायचा. ही शिस्त दोऱ्याचं आयुष्य वाढवते आणि मासाही जास्त वेळा काठाला येतो.

दोरा भरतानाही पीळ बसतो. नव्या दोऱ्याची डबी लेबल वर करून जमिनीवर ठेवावी, दहा-बारा फेरे भरावे आणि मग दोरा सैल सोडून बघावा. वेटोळे पडू लागले तर डबी उलटी करून पुन्हा भरावं. नायलॉनची नवी डबी भरण्याआधी अर्धा तास कोमट पाण्यात ठेवली तर दोरा मऊ पडतो. भरताना तो ओल्या फडक्यातून, चिमटीत दाब ठेवून गेला पाहिजे. सैल भरलेला दोरा पहिल्याच जोरदार ओढीला खालच्या थरात रुततो.

पीळ पडलाच, तर गळ, शिसं, फिरकी सगळं काढून नुसता दोरा वाहत्या पाण्यात सोडावा. होडीतून जाताना मागे सोडला तर तो आपोआप उलगडतो. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२ किलोमीटरचा. पाणी सुटलेलं असताना त्यांच्या प्रवाहातही हे काम होतं. पण पुलावर किंवा सपाट काठावर उभं राहूनच. अस्तर लावलेल्या कालव्याच्या उतारावर पाऊल टाकू नये, तिथून घसरलेल्या माणसाला वर येणं फार अवघड जातं.

गाठ ओली करूनच आवळा

दोऱ्याचा सर्वात अशक्त बिंदू गाठच. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने दोरा तापतो आणि नेमका तिथेच नरम पडतो. तोंडात धरून किंवा पाण्यात बुडवून, सावकाश, एका ओढीत आवळावी. आवळल्यावर गाठीच्या वरचा दोरा कुरळा झाला असेल तर ती कापून नवी मारावी. नायलॉनला पाच वेढे पुरतात, ब्रेडला सात-आठ लागतात कारण तो गुळगुळीत आहे. पालोमार किंवा युनी, यातली एक गाठ डोळे मिटून मारता येईल इतकी बसवून घ्यावी.

ड्रॅग भिजलेल्या दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवावा. छोट्या स्प्रिंगच्या काट्याला गळाची गाठ अडकवून, रॉड धरून ओढून पाहिलं की नेमका आकडा कळतो. अंदाजाने आवळलेला ड्रॅग जवळजवळ नेहमीच जास्त आवळलेला असतो.

बॅकिंग कशासाठी

बॅकिंगची सवय मूळची फ्लाय फिशिंगची. तिथली फेकायची जाड लाइन जेमतेम २७ मीटर असते. महसीरसारखा मासा पहिल्याच धावेत तेवढी घेऊन जातो, म्हणून तिच्याखाली डॅक्रॉन नावाच्या पॉलिएस्टरची बारीक, मजबूत दोरी शंभर मीटरपर्यंत भरतात. एच. एस. थॉमस यांचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ साली आलं, तेव्हापासून महसीरच्या या धावेची ख्याती आहे.

आपल्या स्पिनिंग रिळावर बॅकिंगची गरज वेगळ्या कारणांनी पडते, आणि ती कारणं मला जास्त महत्त्वाची वाटतात.

पहिलं कारण फेकीचं. स्पूल अर्धाच भरलेला असेल तर सुटणारा दोरा स्पूलच्या कडेला घासत वर चढतो. फेक तोकडी पडते आणि दोराही झिजतो. दोरा कडेपासून दीड-दोन मिलिमीटर खाली असला की तो मोकळा सुटतो. त्याहून जास्त भरला तर एकदम चार-सहा वेटोळे निसटून गुंता होतो.

दुसरं कारण ड्रॅगचं, आणि याकडे फारसं कुणी बघत नाही. ड्रॅग स्पूलच्या फिरण्याला अडवतो. दोऱ्यावर येणारा ताण त्या अडथळ्याला दोऱ्याच्या थराच्या त्रिज्येने भागून निघतो. भरलेल्या स्पूलची त्रिज्या २४ मिलिमीटर आणि दोरा गेल्यावर १८ मिलिमीटर उरली, तर २ किलोवर लावलेला ड्रॅग आपोआप २.६७ किलोचा होतो. मासा लांब गेला, दोरा पाण्यात लांबवर ओढला जातो आहे, आणि नेमक्या त्याच वेळी ताण एक तृतीयांशाने वाढला. अशा वेळी तुटलेला दोरा कमी प्रतीचा होता असं आपण समजतो. तळाशी बॅकिंग भरून स्पूल जाड ठेवला की हा फरक बराच कमी होतो.

तिसरं कारण ब्रेडसाठी. ब्रेड इतका गुळगुळीत की धातूच्या स्पूलवर त्याचा अख्खा लोटच घसरून फिरतो. हँडल फिरवतो आहोत, लोट स्पूलवर नुसता फिरतो आहे, दोरा मात्र आत येत नाही. तळाशी पाच-सात मीटर नायलॉन बांधलं की ते स्पूलला चिकटून बसतं आणि ब्रेड त्याला धरून राहतो.

आणि चौथं, पैशाचं. ब्रेड नायलॉनपेक्षा कितीतरी महाग. खोल स्पूलभर ब्रेड भरण्यात काहीच शहाणपण नाही, कारण त्यातला तळाचा अर्धा कधी पाण्याचं तोंडही पाहत नाही.

किती भरायचं, याचा हिशेब

रिळावर ०.३०/१८० असं काहीतरी कोरलेलं असतं. म्हणजे ०.३० मिलिमीटर जाडीचा दोरा १८० मीटर मावतो. दोऱ्याने घेतलेली जागा जाडीच्या वर्गाने वाढते, म्हणून जाडीचा वर्ग गुणिले लांबी एवढंच करायचं. या रिळाची मापं ०.०९ गुणिले १८०, म्हणजे १६.२.

समजा, वरती ०.३५ मिलिमीटरचा चांगला तंगूस ७५ मीटर हवा आहे. त्याला लागतात ०.१२२५ गुणिले ७५, म्हणजे ९.२ मापं. उरली ७. घरात ०.४० मिलिमीटरचा धड दोरा पडून असेल तर त्याचे ७ भागिले ०.१६, म्हणजे ४४ मीटर बॅकिंग. नव्या १५० मीटरच्या डबीतून आता दोन भरणी निघाल्या. एक आज, एक पुढच्या मोसमाला, तोवर डबी कपाटात अंधारात.

ब्रेड हवा असेल तर ०.२० मिलिमीटरचे १५० मीटर ६ मापं घेतात. उरलेल्या १०.२ मध्ये ०.३० मिलिमीटरचं नायलॉन साधारण ११३ मीटर बसतं. ब्रेडच्या डबीवरची जाडी मात्र फारशी भरवशाची नसते. त्यासाठी पुढची पद्धत बरी.

आकडेमोड नको असेल तर

दोन रिकामे स्पूल किंवा दोन रिळं घ्यावीत. कामाचा दोरा पहिल्या स्पूलवर आधी भरायचा. त्याच्या शेवटाला बॅकिंग जोडायचं आणि कडेपर्यंत भरायचं. आता बॅकिंगचं टोक दुसऱ्या स्पूलला बांधून सगळं तिकडे उतरवायचं. बॅकिंग आपोआप तळाशी जातं, कामाचा दोरा वर येतो, आणि भरण नेमकी कडेला लागते. दोन्ही स्पूल एकाच मापाचे हवेत, नाहीतर दोरा तिसऱ्या डबीवर उतरवून पुन्हा पहिल्यावर घ्यावा. अर्धा तास जातो, पण अंदाज चुकत नाही.

जोडाची गाठ बारीक हवी. दोन्ही बाजूंनी युनी मारून त्या एकमेकींवर ओढल्या की दुहेरी युनी होते. नायलॉनच्या बाजूला पाच वेढे, ब्रेडच्या बाजूला आठ. टोकं अगदी जवळ कापावी आणि गाठीवर आणखी चार-पाच फेरे घट्ट बसवावे, म्हणजे वरच्या थराला ती बोचत नाही.

एक इशारा आग्रहाने द्यायचा आहे. बॅकिंग जुनं चालतं, कुजकट चालत नाही. ज्या पाण्यात मोठा कटला किंवा रोहू असेल तिथे मासा बॅकिंगपर्यंत पोचू शकतो, आणि तेव्हा सगळा भार त्याच्यावर येतो. त्याची ताकद वरच्या दोऱ्याइतकी तरी असावी. जुन्या रिळाच्या तळाचा, उजेड न पाहिलेला भाग यासाठी उत्तम. हाताने ओढून, गाठ मारून, ओढून पाहिल्यावर टिकला तरच घ्यायचा.

दोरा उलटा फिरवा

मोसम अर्धा झाला की पुढचे तीस-चाळीस मीटर थकलेले असतात. पण त्यांच्या मागचा, बॅकिंगला लागून असलेला तेवढाच भाग कोराच आहे. कामाचा दोरा बॅकिंगच्या गाठीपाशी सोडून, उतरवून, उलटा भरावा. थकलेलं टोक आता बॅकिंगला बांधलं जातं आणि कोरं टोक गळाकडे येतं. नायलॉनसाठी हे एकदा करता येतं, कारण त्यानंतर वयच होतं. ब्रेडला ते मोसमागणिक करत राहिलं तरी चालतं. ब्रेडचा रंग उडाला म्हणून तो फेकू नये. त्याला लव सुटून तो कापसासारखा फुलू लागला, की मग तेवढा भाग कापावा.

उरलेला तुकडा

तुटलेला तंगूस पाण्यात शेकडो वर्षं राहू शकतो, असा अंदाज आहे. नाथसागरावर हिवाळ्यात रोहित, पट्टकादंब, नाना जातीची बदकं, चित्रबलाक येतात. पारदर्शक दोरा त्यांना दिसत नाही. पायाला किंवा चोचीला वेढा पडला की पक्षी ओढतो, वेढा आणखी आवळतो, आणि तो पक्षी उपासमारीने मरतो. मच्छीमारांच्या जाळ्यात, म्हशींच्या खुरांत, शेतात चरणाऱ्या शेरडांच्या तोंडातही हाच दोरा जातो. कापलेला वीतभर तुकडासुद्धा काठावर टाकू नये. गळाच्या पेटीत झाकणाची रिकामी डबी ठेवावी, तुकडे तिच्यात भरावे, घरी आल्यावर कात्रीने बोटभर लांबीचे करून सुक्या कचऱ्यात द्यावे. दोरा जाळू नये. नायलॉनचा धूर विषारी असतो. गुंता अडकलेला दिसला तर तो आपला नसला तरी काढून आणावा.

किती दिवस वापरायचा

दर आठवड्याला पाण्यावर जाणाऱ्याने नायलॉनचा कामाचा भाग मोसमाला एकदा बदलावा. महिन्या-दोन महिन्यांनी जाणाऱ्याचा दोरा, सावलीत ठेवला तर, दोन मोसम निघतो. पारदर्शक दोरा दुधाळ दिसू लागला, वेटोळे ताणूनही सरळ होईनात, किंवा कोरड्या दोऱ्याची साधी गाठ हातांच्या ओढीने सहज तुटली, तर वेळ झाली.

भरणी झाल्यावर स्पूलच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून त्यावर तारीख, जाडी, वरच्या दोऱ्याची लांबी आणि बॅकिंगची लांबी लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी कपाटातून रीळ काढताना त्यावर काय भरलेलं आहे आणि किती उलटवायचं बाकी आहे, ते त्या पट्टीवरूनच कळेल.